शेतकरी भित्रा नाही, हिशेबी आहे

नागोठणे सोडले की रोह्याच्या अलीकडे निडीचे स्टेशन लागते. या परिसरात फिरताना, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, माझ्या हातून एका शेतकऱ्याचे नुकसान झाले. ती गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरूनच सुचलेले आहे.

त्यांना येथे नुसते नाना म्हणू. वय साठीच्या पुढे, भाताखाली तीस गुंठे. नाना दरवर्षी वरच्या खाचरांत हळवे भात लावायचे आणि खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरांत गरवे. म्हणजे दोन बियाणी, दोन वेळा लावणी, दोन वेळा कापणी. पदविकेची पुस्तके ताजी होती, त्यामुळे मला हा सगळा पसारा वाटला. मी त्यांना म्हटले, ‘नाना, तीसही गुंठ्यांत एकच चांगला गरवा वाण लावा. उतारा जास्त येईल.’ नाना म्हणाले, ‘वडलांपासून असंच करतो साहेब. बघू.’ मी तीनदा त्यांच्या ओटीवर जाऊन चहा पिऊन आलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, ‘एवढं म्हणताय तर होऊन जाऊ दे.’

पीक उत्तम आले. लोंब्या भरल्या. ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांचे हळवे भात कापून उडवीत गेले, तेव्हा नानांचे शेत अजून हिरवट उभे होते. आणि परतीचा पाऊस आला. तीन दिवसांत सगळे भात आडवे झाले, पाण्यात पडून लोंबीला कोंब फुटले. मी गेलो तेव्हा नाना बांधावर उभे होते. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. ‘चहा घेऊन जा साहेब,’ एवढेच म्हणाले. पुढच्या वर्षी मी खरिपाची सभा लावली, तर त्यांच्या आळीतून एकही माणूस आला नाही.

त्याआधी माझ्या डायरीत त्या आळीविषयी मी एक शेरा लिहिला होता : ‘शेतकरी सुधारित तंत्राबाबत उदासीन.’ आपल्या खात्यात असे दोन-चार शब्द ठरलेले असतात. उदासीन, पारंपरिक, भित्रा. पुढे वाचनात एक जुना प्रयोग आला आणि या शब्दांची मला लाज वाटू लागली. प्रयोग आपल्याच महाराष्ट्रातल्या गावांत झालेला आहे, पण गावागावांत त्याची माहिती नाही. म्हणून हा लेख.

नाणे उडवून केलेला अभ्यास

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके. परंतु नुसते वाण काढून भागत नाही, शेतकरी ते घेतो की नाही आणि का, हेही कळले पाहिजे, म्हणून १९७५ पासून संस्थेने काही गावांत कायमचा अभ्यास मांडला. त्यात सहा गावे होती. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेडा, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात गेलेल्या, महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली आणि डोकूर. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे निवडली. त्यांत भूमिहीन मजूर होते, अल्पभूधारक होते आणि मोठे बागायतदारही होते.

हान्स बिनस्वांगर नावाचे अर्थशास्त्रज्ञ तेव्हा तेथे काम करीत होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता की शेतकरी धोका किती पत्करतो हे मोजायचे कसे? पहिला मार्ग नेहमीचा, म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचे. दुसरा मार्ग वेगळा होता. खरेखुरे पैसे समोर ठेवायचे, नाणे उडवायचे आणि माणूस काय निवडतो ते पाहायचे.

खेळ असा होता. समोर काही ओळी मांडलेल्या. प्रत्येक ओळीत दोन आकडे. छापा आला तर पहिला आकडा मिळणार, काटा आला तर दुसरा. शेतकऱ्याने नाणे उडवण्याआधी एक ओळ निवडायची.

पहिली ओळ : ५० रुपये किंवा ५० रुपये.
दुसरी : ४५ किंवा ९५.
तिसरी : ४० किंवा १२०.
चौथी : ३० किंवा १५०.
पाचवी : १० किंवा १९०.
सहावी : काहीच नाही किंवा २००.

(आणखी दोन ओळी होत्या, त्या सोयीसाठी सोडून देतो.) पहिल्या ओळीत धोका शून्य, पण मिळकतही बांधलेली. खाली जावे तशी सरासरी मिळकत वाढते आणि धोकाही वाढतो. शेवटच्या ओळीत सरासरी पाचवीइतकीच शंभर, वाढतो तो फक्त धोका. तीस-चाळीस रुपये आज क्षुल्लक वाटतील. त्या काळी २०० रुपये म्हणजे अंगमेहनतीच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक रक्कम होती, हे ध्यानात घ्यावे.

हा मोठा खेळ एकदम मांडला नाही. सुरुवात पन्नास पैशांच्या खेळापासून केली, मग पाच रुपयांचा, मग पन्नासचा. पाचशेचा फक्त तोंडी विचारला. या प्रयोगाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या शेतीअर्थशास्त्रात त्यांचा दाखला अजूनही दिला जातो.

काय दिसले?

पहिली गोष्ट म्हणजे पन्नास पैशांच्या खेळात अनेक जण धीट होते, खालच्या ओळी निवडत होते. रक्कम वाढली तसे लोक मधल्या ओळींकडे सरकले. मोठ्या रकमेच्या वेळी बहुतेकांनी अगदी सुरक्षित ओळही घेतली नाही आणि जुगारी ओळही घेतली नाही. चाळीस-एकशेवीस, तीस-दीडशे, अशी मधली वाट धरली. थोडा धोका घ्यायचा, पण घर बुडेल एवढा नाही.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्याला जास्त लागते. सावधपणाच्या बाबतीत गरीब आणि श्रीमंत यांच्यात फारसा फरक निघाला नाही. श्रीमंती वाढली की धीटपणा किंचित वाढतो असे दिसले, पण इतका कमी की त्यावरून काही ठाम म्हणता येत नव्हते. म्हणजे मोठा शेतकरी नवे बियाणे घेतो आणि लहान घेत नाही, याचे कारण लहान माणूस भित्रा आहे हे नव्हे. दोघांची छाती सारखीच. फरक छातीमागे काय आहे त्याचा. एकाला सोसायटीचे कर्ज वेळेवर मिळते, दुसऱ्याला सावकाराचे दार वाजवावे लागते. एकाच्या कणगीत वर्षाचे तांदूळ असतात, दुसऱ्याला भाद्रपदात दुकान गाठावे लागते. बिनस्वांगर यांनी बोट ठेवले ते याच ठिकाणी. स्वभाव बदलायला जाऊ नका, अडचणी बदला.

तिसरी गोष्ट ग्रामसेवक, तलाठी, कृषी खात्याचे लोक, आपण सगळ्यांनीच कानाला खडा लावण्यासारखी आहे. तोंडी प्रश्न विचारून काढलेले निष्कर्ष आणि पैसे ठेवून काढलेले निष्कर्ष यांचा एकमेकांशी काही मेळ बसेना. प्रश्न कोण विचारतो यावरही उत्तर बदलत होते. आपल्या सभांत हेच होते. ‘कोण कोण करणार?’ म्हटले की सगळे हात वर. साहेब विचारतात, नाही कसे म्हणायचे? आपण अहवालात आकडा भरतो. जूनमध्ये शेतावर जाऊन पाहावे तर जुनेच चालू.

आणि एक बारीक गोष्ट. आधीच्या खेळांत ज्यांचे नशीब चांगले निघाले होते, ते पुढच्या खेळात थोडे अधिक धीट झाले. वास्तविक नाण्याला मागचे काही आठवत नसते. पण माणसाला आठवते. गेल्या साली एखाद्या भाजीला दर मिळाला की यंदा आख्ख्या गावाने तीच लावायची आणि मग बाजारात ढीग पडायचे, हे आपण पाहतोच.

‘पैसे त्यांचेच होते ना?’

हा प्रयोग मी एकदा संध्याकाळी पारावर सांगितला. नाना तेव्हा पुन्हा बोलू लागले होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘साहेब, ते पन्नास रुपये त्यांचेच होते ना? हरला तरी माणूस मोकळ्या हातानं घरी गेला. आमचं तसं नाय. आमच्या खेळात पैसे आमचे, आणि नाणं उडवतो पाऊस.’

या एका वाक्याने मी गप्प झालो. त्या खेळात सर्वांत वाईट म्हणजे शून्य. शेतात शून्याच्याही खाली जाता येते. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली आणि वर उसनवारी राहिली. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच प्रयोगांतून मांडले होते की हातात येणाऱ्या रुपयाचा जेवढा आनंद होतो, त्याहून हातातून गेलेल्या रुपयाचे दुःख कितीतरी मोठे असते. पुढच्या प्रयोगांत ते साधारण दुप्पट भरले. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

आता नानांच्या शेताकडे पाहा. वर हळवे, खाली गरवे. परतीचा पाऊस आला तर हळवे वाचते, पावसाने मध्येच ओढ दिली तरी खालच्या खाचरांतले गरवे ओलावा धरून तग धरते. दोन्ही साधले तर घर भरते. ही त्या खेळातली मधली ओळच होती. वडिलांपासून चालत आलेली, पिढ्यांच्या पावसावर पारखलेली. मी त्यांना हाताला धरून खालच्या ओळीवर नेले, आणि छापा आला.

पैसा केव्हा, यावरही निर्णय ठरतो

निर्णय कोण घेतो याइतकेच तो कोणत्या महिन्यात घेतो हेही महत्त्वाचे असते. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची सोपी कोडी तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीचे पैसे आल्यावर, अशी दोनदा घेतली. माणसे तीच. तोडणीआधी त्यांना कोडी कमी सुटली, पैसे आल्यावर जास्त. या निष्कर्षांवर तज्ज्ञांत पुढे वादही झाले, परंतु मुद्दा आपल्या अनुभवाला धरून आहे. माणूस तोच असतो, पण डोक्यात दुकानदाराची उधारी, पोराची फी आणि दवाखाना एकदम फिरत असला की समोरचा कागद नीट वाचला जात नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावण हा असा काळ. लावणीचा खर्च झालेला, भात अजून दूर. जमिनीचे व्यवहार, कर्जाच्या कागदावरचे अंगठे, सह्या याच दिवसांत होतात.

दुसरा प्रयोग केनियातला. तेथील मक्याच्या शेतकऱ्यांना खताचा फायदा माहीत होता, घ्यायची इच्छाही होती. पण पेरणीच्या वेळी हातात पैसा नसायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी एक साधी युक्ती केली. कापणी झाल्या झाल्या, घरात पैसा असतानाच, ‘आता पैसे भरा, खत घरपोच देतो, वाहतूक फुकट,’ असे सांगितले. खत वापरणारे वाढले. तीच फुकट वाहतूक पुढे पेरणीच्या वेळी देऊ केली तर परिणाम कमी दिसला. हा अभ्यास २०११ साली छापून आला. डुफ्लो आणि क्रेमर यांना मुंबईत जन्मलेल्या अभिजीत बॅनर्जींबरोबर २०१९ साली नोबेल मिळाले, ते गरिबीचा प्रश्न अशा प्रयोगांनी सोडवण्याच्या पद्धतीबद्दल.

आपल्याकडची भिशी तरी वेगळे काय करते? पैसा घरात राहिला तर खर्च होतो, म्हणून तो चारचौघांत अडकवून ठेवायचा. बायकांच्या बचत गटांना हे केव्हाचे समजले आहे. हीच भिशी खतासाठी का नको? दिवाळीच्या आसपास भाताचे पैसे येतात. त्याच आठवड्यात पुढच्या खरिपाच्या खताचे पैसे गटात जमा केले, तर लग्नसराई आणि शिमगा त्यातले काही नेत नाहीत आणि जूनमध्ये दुकानदाराकडे उधारीची वही उघडावी लागत नाही.

विम्याचे काय?

पीक विम्याची सध्याची योजना २०१६ पासून आहे. खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के. आपल्या राज्यात २०२३ च्या खरिपापासून तो एक रुपयावर आणला होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि पुन्हा टक्क्यांचा हिशेब आला. आता बरेच जण म्हणतात, कशाला भरायचा?

आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये पावसाच्या विम्यावर प्रयोग झाले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. हप्ता कमी केला की घेणारे वाढतात हे दिसलेच. पण विमा विकणाऱ्या माणसाची ओळख गावाच्या भरवशाच्या माणसाने करून दिली, तर त्यानेही घेणारे वाढले. म्हणजे लोक फक्त हप्ता पाहत नाहीत, ‘हा पैसा खरेच परत येईल का, आणि सांगणारा कोण?’ हेही पाहतात. येथे गावच्या कारभाऱ्यांची आणि आमची जबाबदारी येते. आमचा शब्द हेही भांडवलच आहे. नानांच्या आळीत माझे ते एका हंगामात बुडाले. परत उभे करायला मला चार वर्षे लागली.

दोन गुंठ्यांचा मार्ग

शब्द परत कसा मिळाला, ते सांगून थांबतो. मी एकरी बोलायचे बंद केले, गुंठ्यावर बोलू लागलो. चारसूत्री भात लागवडीचे उदाहरण घ्या. डॉ. सावंत यांनी कोकणातच घडवलेली ही पद्धत. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला, पंधरा-पंचवीस सेंटिमीटरची नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, चार चुडांच्या मध्ये एक, बोटभर खोल. खत वाहून जात नाही. पण लावणीच्याच दिवशी वाकून गोळ्या खोचायच्या म्हणजे माणसे हवीत, आणि लावणीला माणसे कुठे आहेत? लोक नको म्हणत ते अज्ञानाने नव्हे, याच अडचणीने.

म्हणून मी म्हटले, आख्खे शेत नको, फक्त दोन गुंठे. गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या लागतात, दोन गुंठ्यांना वजन साडेतीन किलोच्या आत. घरच्या दोन माणसांचे काम. बुडाले तर काय बुडेल हे डोळ्यांसमोर असते. पहिल्या वर्षी तिघांनी केले, नंतर त्यांच्या बांधाशेजारच्यांनी. नानांनीही केले, खालच्या खाचराच्या कोपऱ्यात. वरचे हळवे मात्र त्यांनी पुन्हा सोडले नाही, आणि मीही पुन्हा सोडा म्हटले नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्यासाठी चार गोष्टी :

१. नवे काहीही असो, आधी दोन गुंठ्यांवर. वर्षाच्या तांदळाची खाचरे प्रयोगाला देऊ नका.

२. पुढच्या खरिपाचे खत-बियाणे यांचे पैसे भात विकल्याच्या आठवड्यातच बाजूला काढा, जमल्यास गटात ठेवा.

३. आषाढ-श्रावणात मोठ्या कागदावर एकट्याने सही करू नका. वाचून दाखवणारा आपला माणूस बरोबर घ्या. एक रात्र जाऊ द्या.

४. गेल्या सालच्या दरावर यंदाचे पीक ठरवू नका. नाण्याला मागचे आठवत नसते.

आणि आम्हा अधिकाऱ्यांसाठी दोन. सभेत वर झालेले हात मोजू नका. आणि शेतकऱ्याला उताऱ्याचा आकडा सांगाल तेव्हा दोन्ही आकडे सांगा. काटा आला तर किती मिळेल तेही, आणि छापा आला तर किती जाईल तेही. मी नानांना एकच आकडा सांगितला होता.

डायरीतला तो जुना शेरा मी खोडला आहे. त्याखाली लिहिले, ‘शेतकरी हिशेबी आहेत. हिशेब आधी समजून घ्यावा.’